वायफायवरचा विनातिकीट प्रवासी

भिकाजी मालंडकरांनी जन्मात कुणावर पहिल्या भेटीत विश्वास ठेवला नाही, आणि बहुतेकांवर दुसऱ्या भेटीतही नाही. त्यात त्यांचा तरी काय दोष? उभी हयात एसटीत तिकीट तपासनीस म्हणून गेली. मालवण-कुडाळ रस्त्यावर भर उन्हात कुठल्याशा वळणावर उभं राहायचं, गाडीला हात करायचा, आत चढायचं आणि चेहरे बघत पुढे सरकायचं. तिकीट काढलेला माणूस तपासनीसाकडे कंटाळून बघतो आणि न काढलेला फार प्रेमाने बघतो, हे त्यांचं शास्त्र. या शास्त्रावर त्यांनी भलीभली सोज्वळ माणसं खाली उतरवली होती. पुढे पेन्शनीत आले, पण नजर काही पेन्शनीत गेली नाही. दूधवाला जरा जास्त हसला तर म्हातारा दुधात बोट घालून बघायचा.

आचऱ्याच्या अलीकडे पाणंदवाडीत त्यांचं चिऱ्याचं घर. एवढ्या मोठ्या घरात किती वर्षं दोनच माणसं, भिकाजी आणि त्यांची बायको सावित्री. मुलगा ओंकार पुण्याला. सणाला यायचा, गेला की घर पुन्हा चिडीचूप. मग सून अनुजाच्या कंपनीने घरून काम करायला परवानगी दिली, आणि एक दिवस ओंकार, अनुजा आणि नात दीपिका सगळं सामान टेम्पोत घालून वाडीत हजर झाली. ओंकारने मालवणच्या दुकानदारांचे हिशेब घरी बसून करायला घेतले, दीपिकाचं नाव इथल्या शाळेत घातलं. सावित्रीबाईंनी माळ्यावरचा मोठा टोप खाली काढला. जेवताना पाच ताटं मांडलेली दिसली की भिकाजींना दोन घास जास्त जायचे.

तर आता वायफाय. मालवणहून एक माणूस आला, खांबावरून वायर ओढली, माजघरात डबा ठोकला आणि म्हणाला, "पासवर्ड सोपा ठेवलाय, तुमचाच मोबाईल नंबर."

"म्हणजे तुका पण ठावक," भिकाजी म्हणाले.

तो हसला. हसला म्हणजे संपलंच. तो फाटकाबाहेर पडायच्या आत भिकाजींनी सुनेला हाक मारली. अनुजा कोल्हापूरकडची, बोलायला मऊ. त्यांना वाटलं होतं, सून म्हणेल बाबा उगाच संशय घेतात. ती म्हणाली, "बरोबर आहे तुमचं बाबा. आधी सगळं बदलूया."

आणि मग दिवसभर तिने त्या डब्याचा जो काही बंदोबस्त केला, तो भिकाजी शेजारी स्टूल टाकून बघत बसले. डब्याच्या आतल्या सेटिंगला वेगळं कुलूप असतं, ते कारखान्यातून येतं तसंच सगळीकडे सारखं असतं, म्हणून ते आधी बदललं. वायफायचं नाव आडनावावरून ठेवलेलं होतं, ते काढलं. का, तर बाहेरच्याला घर कुणाचं ते कळू नये. बटण दाबून कुणालाही आत घेणारी सोय बंद केली. सगळ्यात पक्कं संरक्षण कुठलं ते निवडलं, डब्याचं सॉफ्टवेअर नवं करून घेतलं. तिचा कंपनीचा लॅपटॉप, ओंकारचा कॉम्प्युटर, दीपिकाचा शाळेचा, तिघांच्या फायली एकमेकांना दिसणार नाहीत अशी व्यवस्था केली. चिऱ्याच्या जाड भिंतीतून रेंज काही मागच्या खोलीत पोचेना, तेव्हा ओंकारने दुसरा एक छोटा डबा आणून मागच्या पडवीत लावला. भिकाजी प्रत्येक गोष्टीला "ह्या कित्या?" विचारत होते आणि सून न कंटाळता सांगत होती. जगात आपल्यापेक्षा संशयी अशी एक कंपनी आहे आणि आपली सून तिथे काम करते, हे बघून म्हाताऱ्याला तिच्याबद्दल पहिल्यांदा खराखुरा आदर वाटला.

पासवर्डाला मात्र अडलं. भिकाजींनी आपल्या बिल्ल्याचा नंबर सुचवला. नको. कुलदैवत सुचवलं. "अहो बाबा, सगळ्या भावकीचं कुलदैवत एकच. पहिल्या फटक्यात ओळखतील." मग ती म्हणाली, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले चार शब्द घ्यायचे, असा लांबलचक पासवर्ड कुणाला सहज ओळखता येत नाही आणि आपल्याला लक्षात राहतो. शेवटी भिकाजींनीच इकडेतिकडे बघत चार शब्द दिले: बांगडो, शिडी, छत्री, उंबरो. इंग्रजीत लिहायचे, अक्षरं सगळी लहान, मध्ये जागा नाही. कागदावर लिहायचं नाही आणि घराबाहेर कुणाला सांगायचं नाही, असं अनुजाने बजावलं.

"माका सांगतंस?" भिकाजी म्हणाले. पोफळींना पाणी सोडताना ते शब्द पुटपुटत राहिले, आणि संध्याकाळपर्यंत त्यांचे पाठ झाले.

घरात नवी वस्तू आली म्हणजे वाडीच्या राखणदार देवाला नारळ ठेवल्याशिवाय ती चालू होत नाही, निदान मालंडकरांच्या घरात नाही. विहिरीवरचा पंप आला तेव्हा ठेवला, ओंकारची स्कूटर आली तेव्हा ठेवला. आंब्याखालच्या राखणदाराच्या दगडापुढे गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं घालायचा, मान वाडीत भिकाजींच्या घराकडे. रविवारी सकाळी वाडी जमली. शेजारचा चुलतभाऊ मंगेशसुद्धा आला, आणि लांब उभा राहिला. दोन घरांमधला गडगा, म्हणजे दगडी कुंपण, नव्याने रचताना मंगेशने तो हातभर आपल्या बाजूला सरकवला, असं भिकाजींचं म्हणणं. मूळ जागीच आहे, असं मंगेशचं. तेव्हापासून बोलणं बंद. पण भांडण असलं म्हणून राखणदाराला कुणी चुकत नाही. अनुजाची नेमकी तेव्हाच कंपनीची मीटिंग लागली, ओंकार मालवणला गेलेला, सावित्रीबाई आत चहा ओतत होत्या. भिकाजींनी टोपी सारखी करून गाऱ्हाणं घातलं, वाडीने व्हय म्हाराजा म्हटलं, नारळ फुटला, खाज्याचा प्रसाद वाटला. सगळं यथासांग झालं.

महिना तसा बरा गेला. आणि मग एका दुपारी अनुजा चेहरा पाडून बाहेर आली.

कंपनीने नियमाप्रमाणे तिच्या घरच्या नेटवर्कची तपासणी मागितली होती, कुठकुठली यंत्रं जोडलेली आहेत ती. घरातली सगळी ओळखीची निघाली, पण त्यात एक मोबाईल उपरा होता. रोज दुपारी यायचा आणि थोड्या वेळाने जायचा. अनुजाने तो अडवला, तर दुसऱ्या दिवशी यंत्राचा नवा ओळख-नंबर घेऊन पुन्हा आत. हल्लीचे फोन तसा नंबर बदलतात म्हणे. कंपनीतल्या सुरक्षा बघणाऱ्या बाईंनी विचारलं होतं, पासवर्ड बाहेरच्याकडे गेला कसा? ते नीट कळवा. नाही कळलं तर घरून काम बंद, पुण्याला येऊन ऑफिसात बसा.

"पासवर्ड मी आत्ता बदलते," अनुजा म्हणाली. "पण बाबा, कुठून फुटला तेच कळलं नाही, तर नवाही फुटेल. आणि त्यांना मी काय सांगू?"

भिकाजींच्या डोळ्यांपुढे टेम्पो उभा राहिला. उलट दिशेने जाणारा, सामानाने भरलेला. सून गेली की मुलगा जाणार, मुलगा गेला की नात, आणि सावित्री मोठा टोप पुन्हा माळ्यावर ठेवणार. पण बोलले ते एवढंच, "वायच थांब. बदललंस तर चोर सावध होतलो. माका बघूंदे."

आणि म्हातारा कामाला लागला. किती दिवसांनी पुन्हा गाडी अडवायला मिळाली होती.

पहिला संशय वायरवाल्यावर, पण तो मालवणात, रोज दुपारी इथे कुठून येणार? मग ओंकारवर. पोरगा दुकानदारांशी बोलत बसतो, बोलता बोलता काय सांडेल नेम नाही. "बाबा, माका तो पासवर्ड धड आठवतसुदा नाय, कॉम्प्युटरच लक्षात ठेवता," ओंकार म्हणाला. हे भिकाजींना खरं वाटलं, कारण ओंकारला आपला लग्नाचा वाढदिवसही आठवत नसे. दीपिकाला खाऊ देऊन विचारलं. तिने खाऊ घेतला आणि सरळ आईला जाऊन सांगितलं. मग पाळी आली सावित्रीबाईंची.

"भजनी मंडळात कोणाकडे बोललंस?"

"काय बोललंय?"

"बांगडो."

सावित्रीबाईंनी हातातली कालथी खाली ठेवली. "माका बांगडो ठावक तो तव्यारचो. आणि मी जर फोडूचाच म्हटलंय, तर तुमची इतकी वर्षांची गुपिता आसत माझ्याकडे, ती सोडून ह्या कित्या फोडू?"

यावर भिकाजींनी तपास दुसरीकडे वळवला.

दुसरीकडे म्हणजे कुठे, ते सांगायला नको. मागच्या पडवीतला छोटा डबा गडग्यापासून दोन ढांगांवर, आणि गडग्यापलीकडे मंगेश. त्याचं घर खोलगट जागेत, तिथे मोबाईलला रेंज नावाला नाही. भिकाजी दुपारची झोप मोडून पडवीच्या गजांआड बसले. आणि खरंच, दुपार कलली की मंगेश गडग्याशी येऊन उभा. इकडे बघ, तिकडे बघ, मध्येच मान वळवून मागे बघ. गडग्याच्या आडोशाला काय चाललंय ते काही इथून दिसेना. एकदा भिकाजी खोकले, तशी मंगेशने वर बघितलं आणि चक्क हसला. गडग्याच्या भांडणापासून ज्याने कधी मान वर केली नाही, तो माणूस हसला, आणि तेही प्रेमाने. आता शास्त्राला आणखी काय पुरावा पाहिजे? भिकाजींचं डोकं फिरलं. हातभर जमीन घेतली ती घेतली, आता भाड्या माझी सूनसुद्धा घरातून काढतोय, असं त्यांच्या मनात आलं आणि बीपीची गोळी घ्यावी लागली.

"मंगेशच," त्यांनी घरात जाहीर केलं. "उद्या हातातला फोन काढून घेतंय."

"बाबा, असं काही करू नका," अनुजा घाबरून म्हणाली. "आणि त्यांना तरी पासवर्ड कुणी दिला, ते राहतंच ना."

भांडण होण्यापेक्षा बरं म्हणून अनुजाने त्यांना न जुमानता त्याच संध्याकाळी पासवर्ड बदलून टाकला, आणि नवा कुणालाच सांगितला नाही, स्वतः सगळ्या यंत्रांत घातला. भिकाजी धुमसत झोपले. चोर हाताशी आला होता आणि सुनेने गाडीचं दार उघडून त्याला उतरू दिलं, असं त्यांना झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुन्हा गजांआड बसले. मंगेश आलाच नाही. त्याच्याऐवजी, गडग्याला जिथे येण्याजाण्यापुरती फट होती आणि भांडणापासून जिच्यात काट्या कोंबलेल्या होत्या, तिथल्या काट्या हलल्या. एक एक करून बाजूला झाल्या. आणि फटीतून काशीबाई आत आली.

काशीबाई म्हणजे मंगेशची आई, भिकाजींची सख्खी काकी. वय विचारू नका. भिकाजींची आई गेली तेव्हा हिनेच त्यांना न्हाऊमाखू घातलेलं. कमरेत वाकलेली, हातात रुमालात गुंडाळलेला फोन. सावकाश पडवीच्या पायरीपर्यंत आली आणि बसली.

"भिक्या," ती म्हणाली, "तुझा वायफाय बंद पडला काय रे? सकाळपासना लागणा नाय."

भिकाजींनी नोकरीत नाना प्रकार बघितले होते, पण विनातिकीट माणूस आपण होऊन गाडीबद्दल तक्रार करायला आलेला बघितला नव्हता. ते गजांआडून बाहेर आले.

"आज सिद्धेशची बोट बंदरात लागतली," काशीबाई सांगत होती. सिद्धेश तिचा नातू, बोटीवर असतो. "बंदरात नसलो तरी दुपारचो फोन करता, वायच तोंड दाखवता. आमच्याकडे रेंज नाय, तुका ठावक आसा. मी गडग्याच्या आडोशाक बसतंय, हयसर बरा लागता. मंगेश उभो ऱ्हवता, मी चिऱ्यावरना घसरान पडात म्हणान."

"काकी," भिकाजी म्हणाले, "तुका पासवर्ड कोणी दिल्यान?"

काशीबाईने त्यांच्याकडे असं बघितलं की याचं डोकं ठिकाणावर आहे ना.

"कोणी म्हणजे? तूच दिलंस मरे. राखणदाराम्होरं उभो ऱ्हवान, सगळ्या वाडीच्या देखत. बांगडो, शिडी, छत्री, उंबरो. अक्षरा इंग्रजी, सगळी बारकी, मधी जागा सोडूक नाय. आमी व्हय म्हाराजा म्हटला नाय?"

भिकाजी पायरीवर बसले ते बसलेच.

आठवलं. सगळं आठवलं. देवाला अर्धवट सांगून चालत नाही. विहिरीच्या पंपाच्या वेळी त्यांनी पंपाचा नंबर सांगितला होता, स्कूटरच्या वेळी पाटीवरचा. राखणदाराने राखायचं, तर काय राखायचं ते त्याला नको का कळायला? टोपी सारखी करून, खणखणीत आवाजात, त्यांनी म्हटलं होतं, बा देवा म्हाराजा, ह्या घरात जा काय वायफाय घातलेला आसा, तेचो पासवर्ड बांगडो. व्हय म्हाराजा. शिडी. व्हय म्हाराजा. छत्री. व्हय म्हाराजा. उंबरो. व्हय म्हाराजा. तो खंयच्याय परक्या माणसाच्या हाताक गावता नये, अशी तुझी राखण आसूंदे. आणि सगळी वाडी हात जोडून म्हणाली होती, व्हय म्हाराजा.

"मंगेश म्हणा होतो," काशीबाई पुढे बोलत होती, "आवशी, तो बोलान गेलो असतलो, आपण हात लावूक नको. मी म्हटलंय, चुकान बोलाक भिक्यो काय पोर आसा? राखणदाराम्होरं बोललेला, म्हणजे वाडीक दिलेला. गडग्याच्या भांडणापासना तुया माझ्या दारात पाय ठेवलंस नाय. पण म्हातारेक तिचो नातू दिसूंदे, इतक्या तुया मनात धरलंस. त्या दिवशी घराकडे जावन मी रडलंय रे. म्हटला, भांडाण सरला."

आता भिकाजींनी काय बोलावं? खरं सांगायचं तर दोन शब्दांचं काम होतं, काकी, चुकलंय. पण काशीबाई त्यांच्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात कसली लबाडी नव्हती. त्यांच्या शास्त्रात अशा बघण्याला जागाच नव्हती. त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी आतून.

"व्हय गे काकी," ते म्हणाले. "वाडीकच दिलेलंय."

मागे काहीतरी वाजलं म्हणून त्यांनी वळून बघितलं. दारात अनुजा उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं, ते तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. आणि भिकाजी आपल्या सुनेकडे फार म्हणजे फार प्रेमाने बघत होते.

अनुजाने तोंडाला पदर नव्हता म्हणून हात लावला. मग आत गेली, लॅपटॉप मांडीवर घेऊन पडवीत येऊन बसली. डब्यात पाहुण्यांसाठी एक वेगळं वायफाय उघडता येतं म्हणाली. त्यावरून आलेल्याला बाहेरचं इंटरनेट मिळतं, पण घरातल्या एकाही कॉम्प्युटरकडे जाता येत नाही. फाटकातून आत, पण माजघराचं दार बंद. "पासवर्ड काय ठेवू?" तिने विचारलं.

"तोच," भिकाजी म्हणाले. "देवाक एकदा सांगितला ता आता बदलूचा नाय."

काशीबाईचा फोन लागला. सिद्धेशचं तोंड दिसलं, मागे कुठल्याशा देशाच्या बंदरातल्या क्रेन. काशीबाईने फोन भिकाजींच्या नाकापुढे धरला. "हो बघ, तुझो भिकूकाका. ह्येनीच दिल्यान." पलीकडून पोरगा काहीतरी आभाराचं बोलला. भिकाजींना नीट ऐकू आलं नाही, त्यांनी नुसती मान हलवली.

अनुजाने कंपनीला कळवलं, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने एका धार्मिक विधीत पासवर्ड सर्वांसमक्ष उच्चारला, आता कामाचं नेटवर्क वेगळं केलं आहे. सुरक्षावाल्या बाईंनी खुलासा दोनदा मागितला म्हणतात. पण नवी व्यवस्था तपासली आणि मान्य केली. घरून काम चालू राहिलं. ती बातमी आली तेव्हा सावित्रीबाईंनी मोठ्या टोपात नारळाच्या रसातल्या गोड शिरवाळ्या केल्या आणि एक डबा गडग्यापलीकडे पाठवला. काट्या पुन्हा कुणी लावल्या नाहीत.

त्या दिवशी जेवणं झाल्यावर अनुजा हळूच म्हणाली, "बाबा, घरातला नवा पासवर्ड तुम्हाला सांगून ठेवते. फोनमध्ये कधी पुन्हा घालायला लागेल."

"नको," भिकाजी म्हणाले.

"अहो, घर तुमचं आहे. तुम्हाला माहीत नको?"

"घर माझा आसा म्हणानच नको." त्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "फुडच्या येळाक नारळ ठेवूचो येतलो. थंय उभो ऱ्हवलंय की माझ्या पोटात काय ऱ्हवणा नाय. माका तुमी हय व्हयी आसात. तू तो माका सांगू नको."

इतकं सरळ ते सुनेशी कधी बोलले नव्हते. अनुजाने त्यांचा फोन मागून घेतला, घरचं वायफाय काढून पाहुण्यांच्या वायफायला जोडला आणि परत हातात दिला.

तेव्हापासून मालंडकरांच्या घरात पाच माणसं आहेत, आणि त्यातला घरमालक पाहुण्यांत आहे. दुपार कलली की तो मागच्या पडवीत येऊन बसतो, कारण तिथे रेंज बरी लागते. गडग्याच्या फटीतून काकी येते. एखाद्या दिवशी मंगेशही येतो आणि पायरीवर बसतो, आणि भिकाजी त्याला सरकून जागा करून देतात. आतून अनुजाच्या मीटिंगचा आवाज येत असतो. तिघंही मग हळू बोलतात.